न दिसणाऱ्या वाऱ्याचा माग



आषाढ लागला की मावळातल्या माणसाला वारा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. कोकणातून आलेला वारा नागफणीच्या आणि राजमाचीच्या कड्यांवर आपटतो, वर चढतो, खंडाळा-लोणावळ्यावर पाणी ओतून मोकळा होतो, आणि वडगाव-तळेगावपर्यंत पोचता पोचता त्याच्यापाशी जोर तेवढा उरतो, पाणी फारसे उरत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पुण्याला सातशेच्या आसपास. मधले अंतर म्हणाल तर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर! हे सारे आपण खाली उभे राहून पाहतो. पण त्याच घटकेला, त्याच वाऱ्यातून, आपल्या डोक्यावरून विमाने मुंबईकडे उतरत असतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, आणि विमान उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणून मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर या दिवसांत विमाने बहुधा पूर्वेकडून, म्हणजे घाटाच्या अंगाने येतात. ढगात ती दिसत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. त्या घरघरीच्या आत बसलेल्या दोन माणसांना, पुढच्या दहा मैलांवर वारा कसा आहे, हे कळते तरी कसे? आणि कळू लागण्याआधी काय काय झाले? त्याची हकीकत आज सांगायची आहे. मी इतिहासाचा माणूस आहे, यंत्राचा नव्हे. तेव्हा यंत्रापेक्षा माणसांकडे माझे लक्ष जास्त जाणार, हे गृहीत धरा.

आधी एक गैरसमज दूर करू. विमानातून आलेला पाहुणा हमखास सांगतो, ‘काय सांगू, मध्येच हवेचा खड्डा लागला आणि विमान धाडदिशी खाली गेले!’ हवेत खड्डा नसतो. हवा सगळीकडे भरलेलीच असते, ती फक्त एका जागी वर चाललेली असते आणि शेजारीच खाली. वर चाललेल्या हवेतून विमान एकदम खाली चाललेल्या हवेत शिरले की आपल्याला खड्ड्यात पडल्यासारखे वाटते. भरल्या इंद्रायणीत नाव घालणाऱ्या नावाड्याला हे चटकन कळेल. त्याला वाहत्या पाण्याची भीती नसते. दोन धारा जिथे एकमेकींना घासतात, तिथे तो सावध होतो. विमानाचेही तसेच आहे. ताशी शंभर मैलांचा वारा जर सरळ आणि एकसारखा असेल तर विमान त्यात संथ चालते. वारा बदलतो तिथे खळबळ. आणि ही खळबळ मोठ्या प्रमाणावर तीन ठिकाणी सापडते: गडगडाटी ढगांत, डोंगराच्या पाठीमागे, आणि फार उंचावर, जिथे आकाश निरभ्र असूनही वाऱ्याचे वेगवेगळे थर एकमेकांवर सरकत असतात.

आपल्याकडे टपालाची विमाने सुरू झाली तेव्हा यांपैकी एकही गोष्ट वैमानिकाला आगाऊ कळण्याची सोय नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे लहानसे विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले, आणि तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीवरून मद्रासकडे नेले. विमानात बिनतारी यंत्र नाही, वाट दाखविणारे साधन नाही. ऑक्टोबर महिना निवडला तो उगाच नव्हे. पावसाळा आला तेव्हा टाटांनी काय केले? सरळ बाडबिस्तरा उचलला आणि पुण्यास आले! जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून त्यांची विमाने उडू लागली. वाऱ्यापावसाला टाळण्याचा हा अगदी पहिला आणि सगळ्यांत खात्रीचा मार्ग: तिथे जायचेच नाही. घाटाच्या अलीकडे, पर्जन्यछायेत मुक्काम हलवायचा. पेशव्यांच्या स्वाऱ्या दसऱ्याला निघत आणि पावसाळ्याआधी छावणीला परतत, त्यातलाच हा व्यवहार.

योगायोग असा की, चारच वर्षांपूर्वी, १९२८ साली, हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलेले होते. जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजूनही ‘सिमला ऑफिस’ हे नाव आहे ते त्यामुळेच. वरच्या हवेतला वारा मोजण्याची त्या काळची रीत मोठी साधी. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा आणि दुर्बिणीसारख्या थिओडोलाइट यंत्रातून त्याच्या मागे मागे नजर ठेवायची. फुगा कुठल्या दिशेला, किती कोनात सरकला, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. यातली अडचण तुमच्या ध्यानात आलीच असेल. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ इतके खाली आलेले असते की फुगा बघता बघता ढगात गडप होतो. म्हणजे वाऱ्याची माहिती ज्या महिन्यांत अत्यंत गरजेची, नेमक्या त्याच महिन्यांत हाती काही लागत नसे. फुग्याबरोबरच बिनतारी संदेश पाठविणारे छोटे यंत्र वर सोडण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा कुठे ढगाआडचा वारा मोजता येऊ लागला.

दुसरे महायुद्ध संपले आणि विमाने मोठी झाली, प्रवासी वाढले. आता ‘पावसाळ्यात पुण्याला जाऊ’ असे म्हणून भागणार नव्हते. वेळापत्रक आले की ऋतूशी तडजोड आली! अमेरिकेत १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत एक विलक्षण धाडसी प्रयोग झाला. लष्करी विमाने पाच वेगवेगळ्या उंचींवरून मुद्दाम गडगडाटी ढगांत घालण्यात आली. एकदोनदा नव्हे, हजाराहून अधिक वेळा. होरेस बायर्स हे या कामाचे प्रमुख. त्यातून ढगाचा जन्म, तारुण्य आणि शेवट यांचा पट मांडला गेला. आधी ढगात नुसती वर जाणारी हवा असते. मग पाऊस पडू लागतो आणि पावसाबरोबर हवा खाली ओढली जाते. चढती आणि उतरती हवा शेजारी शेजारी नांदू लागते. हाच काळ विमानाला सर्वांत वाईट. अखेर नुसती उतरती हवा राहते आणि ढग विरतो. आपला वैशाखातला वळीव दुपारी चारला उठतो आणि दिवेलागणीला ओसरतो, त्याची ही जन्मपत्रिकाच म्हणाना.

या ज्ञानाची किंमत आपल्या देशात फार लवकर मोजावी लागली. २ मे १९५३ रोजी दुपारी बी. ओ. ए. सी. कंपनीचे कॉमेट विमान कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले. जेट प्रवासी विमानांच्या सेवेला तेव्हा नुकते एक वर्ष पुरे होत होते. निघाल्यावर काही मिनिटांतच ते कालवैशाखीच्या वादळात सापडले आणि मोडून पडले. त्रेचाळीस माणसे गेली. चौकशी झाली ती कलकत्त्यातच. निष्कर्ष असा निघाला की, वादळातून जाताना विमानाचा सांगाडा मोडला. कारण एक तर वाऱ्याचे अतिशय जोरदार झटके, नाही तर त्या झटक्यांत वैमानिकाच्या हातून झालेली ओढाताण. हे ‘नाही तर’ मला महत्त्वाचे वाटते. वारा विमान मोडतो, हे सगळ्यांना पटते. वाऱ्याशी झगडणारा हातही मोडू शकतो, हे पटायला आणखी दहा वर्षे जावी लागली. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, डमडमला वादळे टिपणारे रडार बसले.

ती दहा वर्षे संपली ते साल १९६३. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेत मायामीहून निघालेले एक बोइंग ७२० विमान गडगडाटी ढगांच्या परिसरात सापडले. आधी वर उचलले गेले, मग नाक खाली करून कोसळले; त्रेचाळीस माणसे दगावली. आणि जुलैत पाळी आली मुंबईची.

२८ जुलै १९६३. युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होते, पुढे कैरोला जायचे होते. मध्यरात्र उलटून गेलेली, ऐन पावसाळा, सांताक्रूझला उतरण्याची तयारी. मढच्या पलीकडे समुद्रावर, मुसळधार पावसात आणि हवेच्या खळबळीत वळण घेत असताना विमान ताब्याबाहेर गेले आणि अरबी समुद्रात कोसळले. त्रेसष्ट जीव होते, एकही वाचला नाही. त्यांत फिलिपाइन्सच्या बालवीर संघटनेचे चोवीस जण होते. ग्रीसमध्ये मॅरेथॉनला जागतिक बालवीर मेळावा भरायचा होता, तिकडे ही पोरे चालली होती. त्यांच्या देशात, केसोन शहरात, या मुलांची नावे आजही रस्त्यांना आहेत. आपल्याकडे मात्र या अपघाताची आठवण क्वचितच कुणी काढतो. विमान परदेशी, माणसे परदेशी, आणि समुद्राने सारे पोटात घेतलेले. पण वारा आपला होता, सांताक्रूझच्या तोंडावरचा, आणि तोच वारा तासा-दीड तासात बोरघाट चढून इकडे येतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण घाटातल्या विमान-अपघातांविषयी बोलू लागले की लोक सगळ्यांची एकच मोळी बांधतात. ७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ माणसे मेली. ४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचे पुण्याहून मुंबईला जाणारे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळून ४५ माणसे मेली. दोन्ही पावसाळ्यातले अपघात, दोन्ही घाटाच्या परिसरातले. परंतु त्यांची जात निराळी. त्यांत विमान धडधाकट असताना डोंगराला भिडले. जुन्नरला तर आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा हिशेब चुकला होता. विमान कुठे आहे हे न कळणे एक, आणि विमान ज्या हवेत आहे ती हवाच हातची जाणे हे दुसरे. आज आपण दुसऱ्याविषयी बोलत आहोत.

१९६३ च्या अपघातांपासून जगभरच्या वैमानिकांनी जो धडा घेतला तो ऐकायला सोपा आणि करायला अवघड आहे. खळबळीत सापडलात तर विमानाशी भांडू नका. उंचीचा काटा शे-दोनशे फूट वरखाली झाला तर होऊ द्या; त्याच्या मागे धावू नका. पंख समतोल आणि नाक ठरल्या कोनात ठेवा, इंजिनांचा जोर सारखा कमीजास्त करू नका. वेगही नेमून दिलेला असतो. फार जोरात गेलात तर झटक्याने सांगाड्यावर ताण येतो, फार हळू गेलात तर पंखांचा आधार सुटतो. म्हणून प्रत्येक विमानाला मधला एक वेग ठरवून दिलेला आहे. आज सर्रास दिसणाऱ्या बोइंग ७३७ चा तो सुमारे २८० नॉट आहे. बोरघाटाच्या उतारावर मालमोटारीचा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सारखा पाय न देता गाडी उतरवतो, त्याला या सूचनेतले मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

आता डोंगराकडे येऊ, म्हणजेच आपल्या दारात. ओढ्याच्या पात्रात धोंडा असला की पाणी त्याच्यावरून उडी घेते, आणि मौज अशी की धोंडा ओलांडल्यावरही पुढे काही हातांपर्यंत पाण्यावर लाटा उठतच राहतात. त्या लाटा वाहून जात नाहीत, जागच्या जागी उभ्या असतात. पाणी त्यांतून वाहते. हवेचेही तेच. वारा डोंगररांगेला आडवा येऊन धडकला आणि वरची हवा स्थिर थरांची असली, की डोंगराच्या पाठीमागे अशा उभ्या लाटा तयार होतात. कधी त्यांच्या माथ्यावर बशीसारखे गुळगुळीत ढग दिसतात, कधी काहीच दिसत नाही. सह्याद्री हा असाच आडवा धोंडा आहे. उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि वारा येतो पश्चिमेकडून.

या लाटांचे गणित ज्यांनी मांडले त्यांत आपल्या हवामान खात्यातील आर. पी. सरकार यांचे नाव घेतले पाहिजे. १९६५ साली त्यांनी पश्चिम घाटावरील या डोंगरलाटांचा सैद्धान्तिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९६६ साली डोंगरामुळे पडणाऱ्या पावसाचे गणित मांडले. त्यासाठी त्यांनी घाटाचा जो उभा छेद घेतला तो मुंबई ते पुणे असा होता. म्हणजे समुद्र, कोकणपट्टी, खंडाळ्याची चढण, आणि मग हे आपले मावळ. गाडीने पुण्यामुंबईला जाताना आपण खिडकीतून जे पाहतो ते त्या माणसाने कागदावर रेषा आणि समीकरणे यांनी पाहिले. चढत्या हवेने पाऊस घाटमाथ्याशी का साचतो आणि वडगावपर्यंत येईतो निम्म्याच्याही खाली का येतो, याचा जबाब असल्या गणितात आहे. विमानाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, घाटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला हवा वर ढकलली जाते आणि पाठीमागे ती उतरते, हेलकावते; तेव्हा उतरणीला लागलेल्या विमानाने घाट ओलांडायच्या आत सगळी आवराआवर करून ठेवावी.

सरकारांच्या गणिताचे वर्ष १९६६, आणि त्याच वर्षी मार्चच्या ५ तारखेला जपानात बी. ओ. ए. सी. चे बोइंग ७०७ फूजी पर्वताच्या पाठीमागे मोडून पडले. आकाश स्वच्छ होते. पर्वत डोळ्यांसमोर लख्ख दिसत होता. प्रवाशांना तो जवळून दिसावा अशा वाटेने विमान चालले होते, आणि पर्वतामागच्या खळबळीने ते आकाशातच फोडले. १२४ माणसे गेली. फूजी ३,७७६ मीटर उंच आणि एकटा उभा. आपला घाटमाथा या भागात हजार मीटरच्या आतबाहेर. म्हणून आपल्या डोंगरलाटा तितक्या भयंकर नसतात. पण स्वच्छ आकाश म्हणजे शांत हवा नव्हे, हे फूजीने कायमचे शिकवले.

लहान प्रमाणावर हाच धडा आपल्या कामशेतला रोज गिरवला जातो. तिथल्या टेकड्यांवरून छत्रीवजा पंख बांधून उडणारे पॅराग्लायडिंगवाले तुम्ही पाहिले असतील. पावसाळ्यात ते उडत नाहीत. बाकीच्या दिवसांतही नवशिक्याला सकाळी किंवा कलत्या उन्हात सोडतात, भर दुपारी नाही. दुपारी तापलेल्या खडकावरून उठणारी हवा पंखाला उलटापालटा करते. आणि टेकडीच्या वाऱ्याकडच्या अंगानेच उडायचे, पाठीमागे जायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. मोठ्या विमानाचा कप्तानही निराळे काय करतो?

आता आजचा कप्तान. उड्डाणापूर्वी त्याच्या हाती वाऱ्यांचे आणि धोकादायक हवामानाचे नकाशे येतात. लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन केंद्रे साऱ्या जगासाठी ते अंदाज तयार करतात, आणि आपल्या भागात कुठे तीव्र खळबळ वा गडगडाटी वादळे संभवतात त्याचे इशारे मुंबईचे विमान-हवामान कार्यालय देते. त्यावरून वाट ठरते, उंची ठरते, आणि किती जादा इंधन घ्यायचे तेही ठरते. या जादा इंधनाकडे लोकांचे लक्ष जात नाही. पण वळसा घालायचा तर टाकीत वळशापुरते इंधन हवे! इंधन नेमके मोजून घेतलेला माणूस ढगातून जाण्याच्या मोहात पडतो.

वर गेल्यावर त्याचा डोळा म्हणजे नाकाडातले रडार. ते पुढे लहरी फेकते आणि पाण्याच्या थेंबांवरून परत आलेल्या लहरी पडद्यावर रंगांनी दाखवते: हिरवा, पिवळा, तांबडा, असा चढता क्रम; आणि नव्या यंत्रांत थेंबांची उलटसुलट धावपळ सापडली तर किरमिजी. पण ध्यानात घ्या, हे यंत्र पाणी पाहते. वारा पाहत नाही. ढगाच्या माथ्यावर थेंबांऐवजी हिमकण असतात, ते रडारला अंधुक दिसतात. म्हणून रडारचे तोंड योग्य कोनात खाली वळवून ढगाच्या ओल्या पोटाकडे पाहावे लागते; सरळ समोर रोखले तर वरचा कोरडा भाग दिसतो आणि ‘काही विशेष नाही’ असे वाटते. दुसरी खोच अशी की, दाट पावसाच्या भिंतीमागचे रडारला दिसत नाही. पडद्यावर तांबड्या ठिपक्यामागे काळी, रिकामी जागा दिसली तर ती मोकळी वाट समजणाऱ्याचे दिवस भरलेच. तिथे पाऊस इतका असतो की लहरी परततच नाहीत.

गर्जन्मेघ पंधरा किलोमीटरच्याही वर चढतो, विमान चालते दहा-बारा किलोमीटरवर. म्हणून वरून उडी मारता येत नाही, खालून जाणे तर त्याहून वाईट. वळसाच घालायचा, आणि तो वीस सागरी मैल तरी दूर ठेवून. जमेल तर वाऱ्याकडच्या बाजूने, कारण ढगाचा वरचा पिसारा आणि त्यातल्या गारा वाऱ्याच्या दिशेला फेकल्या जातात. विमान मिनिटाला सातआठ सागरी मैल काटते. ऐंशी मैलांवर ढग दिसला म्हणजे हाताशी दहा मिनिटे आहेत. त्यांत निर्णय घ्यायचा, जमिनीवरच्या नियंत्रकाकडे वळण्याची परवानगी मागायची, शेजारच्या विमानांनीही तीच मागितलेली असते, तेव्हा रांग लागायची. दहा मैलांवर जाग आली तर मग एकच मिनिट राहते.

वडगावचा माणूस या ठिकाणी थोडा आडवळणाला गेला तर त्याला क्षमा असावी. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज मुंबईहून बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. तळेगाव जाळलेले, रसद तुटलेली, मराठे भोवती. तिथे त्यांनी माघारीचा निर्णय घेतला, पण तो घेईपर्यंत मागची वाट मोकळी राहिली नव्हती. महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना याच वडगावात कोंडले आणि तह पत्करायला लावला. माघार घेणे बरोबरच होते. उशीर नडला. वैमानिकांच्या चौकशी-अहवालांत हीच गोष्ट वेगवेगळ्या पोशाखांत भेटते.

उदाहरण ताजे आहे. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ विमान उतरताना तीव्र खळबळीत सापडले. आसनावरच्या माणसाचे वजन क्षणात अडीच पटीहून अधिक झाले आणि क्षणात उणे झाले, म्हणजे पट्टा नसलेला माणूस छताकडे फेकला गेला. स्वयंचलित चालक सुटला आणि सुमारे दोन मिनिटे विमान हाताने सांभाळावे लागले. चौदा प्रवासी आणि केबिनमधील तीन कर्मचारी जखमी झाले. त्यांतला एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कप्तानाचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. ढग टाळावेत असे सहवैमानिकाने सुचविले होते आणि ते मानले गेले नाही, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. आपल्याकडे घरात, कचेरीत, कॉलेजातसुद्धा, धाकट्याने थोरल्याला ‘जरा थांबा’ म्हणणे सोपे नसते. विमानात तर दोघांत खांद्यावरच्या पट्टीचे अंतर असते. म्हणून आजच्या शिक्षणात धाकट्याने स्पष्ट बोलावे आणि थोरल्याने ते ऐकावे, याचा वेगळा सराव करून घेतला जातो. कोणत्याही रडारइतकेच हेही खळबळ टाळण्याचे साधन आहे, असे मी तरी मानतो.

उरली ती निरभ्र आकाशातली खळबळ. फार उंचावर वाऱ्याचे वेगवान पट्टे वाहतात, त्यांना आपण स्रोतवारे म्हणतो. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून पश्चिमेचा असा पट्टा जातो. पावसाळ्यात दक्षिणेवरून पूर्वेचा जातो, त्याचा शोध आपल्याच पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली मांडला. म्हणजे आषाढात खाली वारा पश्चिमेचा आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर नेमका उलटा, पूर्वेचा! अशा पट्ट्याच्या कडेला थर थराला घासतो आणि खळबळ होते. तिथे थेंब नाहीत, तेव्हा रडार आंधळे. मग कळते कसे? पुढे गेलेल्याने मागच्याला सांगितल्याने. ‘अमुक जागी, अमुक उंचीवर, मध्यम खळबळ’ एवढा निरोप नियंत्रकाला जातो आणि मागची विमाने उंची बदलून मागतात. गेल्या काही वर्षांत विमानेच आपले धक्के मोजून आपोआप कळवू लागली आहेत. पण मुळात ही वारी करणाऱ्यांची जुनी रीत: पुढच्या दिंडीने मागच्या दिंडीला वाटेतल्या पाण्याची खबर द्यायची.

तरीही काही झटके निसटतातच. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारमधील इरावतीच्या खोऱ्यावर सदतीस हजार फुटांवर अशा झटक्यात सापडले. प्राथमिक चौकशीत दिसले की विमान साडेचार सेकंदांच्या आसपास काळात १७८ फूट खाली गेले होते. विमानाला त्याचे काहीच नाही. आतली माणसे मात्र छतावर आपटली. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. त्यानंतर त्या कंपनीने ठरवले की, पट्टे बांधण्याची खूण लागली की गरम पेये आणि जेवण देणे बंद. कर्मचाऱ्यांनीही जागेवर बसून पट्टा बांधायचा. पावसाळ्यात मुंबईला उतरतानाही पुष्कळदा असेच होते. घाट यायच्या आधीच कप्तान केबिनला बसायला सांगतो, ढकलगाडी मागे जाते, आणि खिडकीशी बसलेला एखादा गृहस्थ, चहा अर्ध्यावर नेला म्हणून, शेजाऱ्यापाशी तक्रार करीत राहतो.